नर्सबाईंचं केंड

“आधी हात.”

दवाखान्याच्या उंबऱ्याला पाय लागायच्या आत हे दोन शब्द कानावर पडायचे. दाराशी तिवईवर बादली, तांब्या आणि लाल साबणाची वडी. तुम्हाला ताप असो, बोट कापलेलं असो की नुसतं किती वाजले ते विचारायचं असो, आधी हात. एकदा जिल्ह्याहून एक मोठे साहेब तपासणीला आले. बाई पाठमोऱ्या होत्या, वळून न पाहताच म्हणाल्या, “आधी हात.” साहेबांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या सारल्या, मुकाट हात धुतले आणि मग विचारलं, “आता मी कोण ते सांगू का?”

“आता सांगा,” बाई म्हणाल्या.

मुलांनो, तुम्ही फोनवर मला उंच इमारती दाखवता आणि विचारता, आजी, हे तुमचंच गाव ना? हो, हेच. तेव्हा नवी मुंबई हे नावही जन्मलं नव्हतं. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला भातशेती, मिठागरं आणि मग खाडी. तळवलीच्या पुढे, खाडीच्या बाजूला, एका गावात आम्ही राहत होतो. तुमचे आजोबा रस्त्यावरच्या नव्या कारखान्यात होते आणि मी गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आमचं मागचं दार आणि सरकारी दवाखान्याचं मागचं दार यांच्यामध्ये एक शेवगा उभा होता. त्यामुळे बाईंचं जे मी पाहिलं ते बरंचसं मागच्या दाराने पाहिलं.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. गावातही ते कोणी घेत नसे. गावाला त्या ‘नरसबाय’ होत्या, मला बाई.

बाई देशावरच्या, उसाच्या मुलखातल्या. नोकरीवर रुजू होताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्राचं पाणी पाहिलं आणि नेमकी ओहोटी होती. पार लांबपर्यंत काळा चिखल पसरलेला. “हा तर नांगरून ठेवलेला दिसतोय,” त्या म्हणाल्या होत्या. त्या मासे खात नसत. मासळीच्या वासाने त्यांचं डोकं चढायचं, आणि गाव तर मासळीचं. तरी नाकाला पदर लावलेला मी त्यांना कधी पाहिलं नाही. कोणी टोपली घेऊन आली तर त्या दीर्घ श्वास घेऊन तो रोखून धरायच्या, मलमपट्टी संपेपर्यंत.

त्या सगळं उकळत. कात्री, सुया, वाट्या, चमचे, लंगोट, सगळं. चहा ओतण्याआधी कप उकळत. गावात बायका म्हणायच्या, “नरसबायला पाऊस दिला, त त्यो पन उकलून घेल.”

दवाखान्यात बाळंतपणासाठी एक खोली होती. तीन खाटा, पांढऱ्या चादरी, मोठी खिडकी. ती उघडून वर्ष उलटलं होतं आणि तिथे अजून एकही बाई बाळंत झाली नव्हती. कुनैनला येत, गळवं कापून घ्यायला येत, पण बाळंतपण घरातच. खाटेवर माणूस मरायला झोपतं, अशी समजूत. बाईंना बोलावणं जायचं ते सुईणीने हात टेकल्यावर.

चांगुणाच्या पहिल्या खेपेला तसंच झालं. मूल आडवं आलं होतं. बाई पोचल्या तेव्हा ते गेलेलं होतं. चांगुणा तेवढी कशीबशी वाचली. बाईंनी तिच्या सासूला, धाकलीबायला, ओसरीवर उभं करून सांगितलं, “पुढच्या खेपेला हिला माझ्याकडे आणायचं. दुखायला लागायच्या आधी. नाहीतर ही राहायची नाही.”  धाकलीबाय ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं नसलं की पाटीकडे बघत राहायची, तशी बघत राहिली.

आणि आता चांगुणाला पुन्हा दिवस गेले होते.

त्याच सुमारास एक कोळी जाळ्याच्या दोरीने कापलेला हात घेऊन आला. हात बांधून होईपर्यंत त्याच्या टोपलीतून एक विचित्र आवाज येत होता, कोणी दातांतून श्वास सोडावा तसा. बाईंनी वाकून पाहिलं. तळाशी लिंबाएवढा एक मासा होता, पिवळट हिरवा, पाठीवर काळे ठिपके, पोट चेंडूसारखं फुगलेलं.

“फेका त्याला,” तो म्हणाला. “केंड हाय. खाल्लं त मानूस मरंल. आनि जाली कुरतडतंय मेलं.”

तुम्ही पुस्तकात पफरफिश पाहिला असेल, त्याचंच हे खाडीतलं भावंड. केंडाला गावात कोणी दया दाखवत नसे. होडीच्या काठावर आपटायचं, नाहीतर किनाऱ्यावर पोरांनी लाथेने उडवायचं. पण बाईंनी ते उचललं आणि पाण्याच्या भांड्यात सोडलं. केंडाने फुस्स करून पोट रिकामं केलं, एक डोळा बाईंकडे फिरवला, दुसरा माझ्याकडे.

“अगंबाई,” बाई म्हणाल्या, “हे तर महिन्याचं बाळ. तसंच बघतंय.”

मी हसले. पण बाईंचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. औषधाला आलेल्या बायका केंड बघायला आत शिरल्या होत्या. भांडं ठेवलं होतं त्या खाटांच्या खोलीत. एक तर चक्क खाटेच्या कडेवर बसली होती.

“खाटा दाखवते तर येत नाहीत,” बाई मला हळूच म्हणाल्या. “केंडाला भेटायला येतील.”

तुमच्या आजोबांनी कारखान्यातून एक टाकून दिलेली काचेची बरणी आणली. मोठ्या बॅटरीची, चौकोनी, जाड हिरवट काचेची, कोपऱ्यात टवका उडालेली. दोन माणसांनी उचलून ती खिडकीत ठेवली. आणि मग बाई कामाला लागल्या, त्यांच्या पद्धतीने. खाडीचं पाणी फडक्यातून गाळून खळाखळा उकळलं. रेती धुतली आणि रवा भाजतात तशी कढईत भाजली. पाणगवत जंतुनाशकाच्या जांभळ्या पाण्यात बुडवून ठेवलं. बरणी अशी लखलखत होती की तिच्यात शस्त्रक्रिया करावी.

चार दिवसांत गवताचा लगदा झाला, पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि केंड मेलं.

ही बातमी गावभर गेली. धाकलीबाय बसची वाट बघत उभी होती, तिथे ती मोठ्याने म्हणाली, म्हणजे मलाही ऐकू जावं इतक्या मोठ्याने, “केंड उन्हात टाकलं तरी घंटाभर मरत नाय. हिचे काचंत मेलं. जिचे हातान केंड जगत नाय, तिचे हातान माजी सून कशी जगंल?”

मला राग आला. मागच्या दाराने जाऊन मी बाईंना ते सांगितलं. मला वाटलं, त्याही चिडतील. त्या चादर घडी करत होत्या. घडी पुरी करून म्हणाल्या, “बरोबर विचारलंय तिने.”

दोन-तीन दिवस बरणी रिकामी, उपडी पडून होती. मग एका सकाळी बाई शेवग्याखालून आल्या, हातात चहाचा कप तसाच.

“मास्तरीणबाई, आईचं दूध कोणी उकळून पाजतं का?”

“नाही.”

“मी पाजलं. खाडी ही त्याची आई. मी ती उकळून पाजली त्याला.” आणि कप खाली ठेवत म्हणाल्या, “चिखल आणायला लागणार.”

चिखल हा शब्द त्यांनी कसा उच्चारला ते मला लिहून दाखवता येणार नाही. जन्मभर ज्याच्याशी वैर केलं त्याच्याच दारी मदत मागायला निघाल्यासारखा.

माझ्याकडे मिशनच्या शाळेत बक्षीस मिळालेलं एक इंग्रजी पुस्तक होतं, घरात मासे पाळण्याचं. ते मी त्यांना वाचून दाखवलं. ते गोड्या पाण्याच्या शोभेच्या माशांचं होतं, आमच्या खाऱ्या-गोड्या पाण्याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. पण एक गोष्ट बाईंनी त्यातून उचलली: आधी माती आणि झाडं रुजू द्यायची, पाण्याला मुरू द्यायचं, आणि मासा शेवटी.

ओहोटीच्या वेळी आम्ही बांधावर गेलो. बाईंनी पांढऱ्या साडीचा काचा मारला, चपला माझ्या हातात दिल्या आणि पाऊल टाकलं. पहिलंच पाऊल गुडघ्यापर्यंत गेलं. बांधावर शिंपल्या वेचून परतणाऱ्या बायका होत्या. त्यांतली एक ओरडली, “नरसबाय, आधी पाय!” सगळ्या खो खो हसल्या. पण सगळ्यांत आधी हसल्या त्या बाई, चिखलात रुतलेल्या, एका हातात बादली आणि दुसरा हात हवेत.

खालचा काळा चिखल, वर रेतीचा थर. खाडीकाठच्या तिवराची दोन कोवळी रोपं, फळातून नुकती फुटलेली. मिठागराच्या कडेच्या डबक्यातून आणलेलं दोऱ्यासारखं बारीक गवत. आता प्रश्न पाण्याचा. खाडीचं पाणी उन्हाळ्याकडे फार खारट होतं, विहिरीचं गोडं. केंडाला मधलं हवं. मधलं म्हणजे किती? बाईंकडे लघवी तपासायची एक काचेची तरंगती नळी होती. पाणी जितकं जड तितकी ती वर तरंगते. केंड ज्या नाल्याच्या तोंडाशी सापडलं होतं तिथलं पाणी त्यांनी तिने मोजलं आणि बरणीतलं पाणी हळूहळू त्याच खुणेवर आणलं.

मी म्हटलं, “बाई, ती नळी तुम्ही...”

“उकळून घेतली आहे,” त्या म्हणाल्या.

बरेच दिवस बरणीत नुसता गढूळपणा होता. गाव म्हणालं, नरसबायनं चिखल पाळलाय. मी रोज विचारायचे, आता सोडू या का एखादं केंड? “घाई बाळाला नसते, माणसांना असते,” बाई म्हणायच्या. हे त्यांचं आवडतं वाक्य. हळूहळू पाणी निवळलं. गवताला हवेचे बारीक बुडबुडे लागले. चिखलातून केसाएवढे किडे वर आले, तांदळाच्या कणीएवढी कोळंबी कुठूनशी पोहू लागली. जंतूंविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या या बाई भिंग घेऊन तासन्‌तास त्यांच्याकडे बघत बसायच्या.

मग एक दिवस धाकलीबाय आली. हातात ॲल्युमिनियमचं पातेलं, त्यात एक छोटं केंड.

“आधी हात,” बाई म्हणाल्या.

तिने पातेलं खाली ठेवलं, हात धुतले, पुन्हा उचललं. “घे. दाखव जगवून. माजे सुनंचे दिस भरंपरंत जगलं, त आनतंय तिला तुज्याकडं.”

“आणि नाही जगलं तर?”

“त नाय.”

बाईंनी दोन्ही हात पुढे केले. “द्या.”

ती गेल्यावर मी म्हटलं, “एका बाईचा जीव माशावर लावायचा, हे काय बोलणं झालं?”

“निदान तिने अट तरी घातली,” बाई म्हणाल्या. “आजवर कोणी अटसुद्धा घातली नव्हती.”

केंडाने बरणीचा ताबा घेतला. तिवराच्या रोपांमधून ते हेलिकॉप्टरसारखं जागच्या जागी वळायचं. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला कडक काही फोडायला लागतं. बाई त्याला खडकावरच्या बारीक गोगलगायी द्यायच्या. एकदा बोट जरा आत राहिलं तर ते बोटालाच डसलं. “दात आले हो बाळाला,” बाई रक्त पुसत म्हणाल्या. सकाळी त्या बरणीतून थोडं पाणी काढायच्या, संध्याकाळी मुरवलेलं थोडं घालायच्या. “भरती-ओहोटी नको का त्याला?”

धाकलीबाय बाजाराहून परतताना रोज डोकवायची. दारातूनच विचारायची, “मेलं का?”

“नाही.”

“बघू.”

हात धुऊन आत यायची, कमरेवर हात ठेवून बघायची आणि निघून जायची. पुढे पुढे पदराच्या गाठीतून गोगलगायी आणू लागली. कोणी पाहत नसेल तेव्हा सोडायची, आणि केंडाने कट्‌ करून शंख फोडला की मान हलवायची. “खातंय मेलं.” मग एके दिवशी तिच्या मागे चांगुणा होती. ती बरणीशी बसायची आणि बाई तिची नाडी, पोट, पायाची सूज बघून घ्यायच्या. चांगुणाने काचेवर बोट आपटलं आणि केंड टम्म फुगलं.

“बघ, तुझ्यासारखंच झालं,” बाई म्हणाल्या.

“माजं त उतरंल गो,” चांगुणा म्हणाली, “त्याचं काय?” आणि हसली. तिला हसताना मी तेव्हा प्रथम पाहिलं.

वैशाख आला. चांगुणाचे दिवस भरत आले होते आणि केंडाने खाणं सोडलं. रंग काळवंडला. गवतात तळाशी पडून राहायला लागलं. त्या दिवशी सकाळी, बाजाराला जातानाच, दारातून आवाज आला, “मेलं का?”

मी बाईंकडे पाहिलं. ‘बरं आहे’ म्हणाल्या असत्या तर धाकलीबाय पुढे गेली असती.

“आजारी आहे,” बाई म्हणाल्या. “काल रात्रीपासून खात नाही.”

धाकलीबाय डोक्यावरची पाटी उतरवून आत आली. त्या दिवशी ती बाजाराला गेलीच नाही. भिंतीला टेकून बसून राहिली. बाईंनी नळी बरणीत सोडली आणि ती पार वर तरंगली. खिडकीतल्या उन्हाने पाणी आटून जड झालं होतं. रोजच्या पेल्याभर पाण्याने ते भरून निघत नव्हतं. मी म्हटलं, विहिरीची एक घागर ओता. बाईंनी मान हलवली. “एकदम ओतलं तर दचकून मरेल.” आणि दिवसभर त्या पेल्या-पेल्याने गोडं पाणी सोडत राहिल्या. मधे पेशंट बघायच्या, हात धुवायच्या, पुन्हा एक पेला. खिडकीला ओलं पोतं लावलं.  दुपारी मी भाकरी नेली, ती दोघींनीही खाल्ली नाही.

उन्हं कलली तेव्हा केंड गवतातून वर आलं. धाकलीबायने पदराची गाठ सोडली. एक गोगलगाय पाण्यात पडली. केंडाने एक डोळा तिच्यावर फिरवला, मग दुसरा. कट्‌.

“ऐकलंस?” बाई म्हणाल्या. त्यांनी तिला एकेरी हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

धाकलीबाय उठली. पाटी डोक्यावर घेतली. “उद्या आनतंय तिला,” म्हणाली.

तिने आणलं. कळा सुरू व्हायच्या आधी, जसं बाईंनी वर्षापूर्वी सांगितलं होतं तसं. मूल पुन्हा आडवंच होतं. बाईंनी बाहेरून, पोटावरून, हळूहळू हाताने ते वळवलं. त्याला किती वेळ लागला ते मला आठवत नाही, त्यांच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आलेला आठवतो. दोन दिवसांनी, भर दुपारी, चांगुणाला मुलगी झाली. मी ओसरीवर होते. धाकलीबाय बादलीपाशी उभी होती आणि सारखे हात धुत होती. रडणं ऐकू आलं तरी धुतच होती.

सहाव्या दिवशी सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, ती पूजा घरी व्हायची. बाई चांगुणाला एवढ्यात सोडायला तयार नव्हत्या, म्हणून धाकलीबाय पूजाच दवाखान्यात घेऊन आली. बाईंच्या खोलीत धूळ चालत नसे, तिथे हळद, कुंकू, पाटा, वरवंटा, सगळं आलं. बाई बघत राहिल्या. धाकलीबायने बाळाच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि कुंकवाचं बोट घेऊन बरणीकडे वळली.

“काचेला लाव,” बाई म्हणाल्या. “पाण्यात काही पडू देऊ नकोस.”

त्या पावसाळ्यात आणखी दोघी आल्या. पुढच्या वर्षी तिन्ही खाटा क्वचितच रिकाम्या असत. आलेली प्रत्येक बाई आधी बरणीकडे बघायची, केंड हलताना दिसलं की मगच पदर सैल करायची. बाईंना ते ठाऊक होतं. मलाही.

म्हणून, काही वर्षांनी केंड एका सकाळी तळाशी उताणं दिसलं तेव्हा मी आधी खाटांकडे पाहिलं. आजार नाही, काही नाही, म्हातारं झालं होतं. खोलीत दोघीजणी होत्या, तिसरी कळा देत धाकलीबायबरोबर येत होती, तिची भाची. मी बाईंना हळूच म्हटलं, “कोळ्यांकडून दुसरं मागवते. तोवर बरणीवर फडकं टाका. केंडं सगळी सारखीच दिसतात.”

“बाळंतिणीशी खोटं बोलायचं नाही,” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता. त्यांनी पळीने केंड अलगद काढलं, कापसावर ठेवलं, आणि खोलीच्या मध्ये उभं राहून, तपासणीच्या साहेबांना सांगावं तसं सरळ सांगितलं, “केंड गेलं. आज सकाळी.”

दोघी उठून बसल्या. दारात धाकलीबाय भाचीला कवेत धरून उभी होती. तिने कापसाकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं. मग भाचीला रिकाम्या खाटेवर बसवलं, तिचे पाय उचलून वर घेतले.

“गेलं त गेलं,” ती म्हणाली. “दे ते मास्तरनीकडं, ती सोडंल खाडीत. तू इकडं ये. हिला कल थांबत नाय.”

बाईंनी कापूस माझ्या हातात दिला आणि गेल्या.

त्यानंतर बरणीत दुसरं केंड आलं नाही. कोणी विचारलंही नाही. पुढे बाईंची बदली देशावर झाली, नंतर आम्हीही मुंबईला आलो. त्यांची माझी पुन्हा भेट झाली नाही. त्या सकाळच्या बसने गेल्या आणि दुपारच्या बसने नव्या नर्सबाई आल्या, तरुण, बावरलेल्या, हातात ट्रंक. त्यांना कोणीतरी सांगून ठेवलं होतं की या खेड्यांतल्या बायका दवाखान्यात यायला तयार नसतात. त्यांना खोली दाखवायला मी घेऊन गेले. तिन्ही खाटांवर बायका होत्या, आणि चौथी बाहेर ओसरीवर आईला टेकून बसली होती, आत जागा होण्याची वाट बघत.